गाठीवर माती

सर आयुष्यभर लोकांना काम कसं करावं हे शिकवत आले. एका मोठ्या कार्यालयात ते प्रशिक्षण अधिकारी होते. म्हणजे बाकीचे लोक जे काम करत असत ते आणखी झटपट कसं होईल यावर, त्या लोकांचं काम थांबवून, सर व्याख्यान देत. “मुद्दा असा आहे” हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर ते पालुपद घरी आलं, घरातून गल्लीत गेलं, आणि गल्लीने त्यांचं नाव मुद्देसर ठेवलं. सरांना तो गौरव वाटला. तसं वाटू नये म्हणून कुणी खास प्रयत्नही केले नाहीत.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड न घालणं ही त्या नोकरीची पहिली अट. घरी तर एकच माणूस बोलत असे, त्यामुळे काम निम्म्याने हलकं. संसार इतकी वर्षं सुरळीत चालला याचं श्रेय सर आपल्या नियोजनाला देत.

घरात एकच गोष्ट अशी होती, जिच्यावर सरांचं मार्गदर्शन चालत नसे. फाटकाशेजारचा गुलाब. तो त्यांच्या बायकोचा, गल्लीच्या भाषेत बाईंचा. पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा, पाकळ्यांच्या कडेला किंचित लाली, आणि वास असा की पत्र टाकायला आलेला माणूसही दोन पावलं मागे येऊन पुन्हा नाक पुढे करी. बाई रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहत. तिथे त्या काय करतात हे सरांनी कधी विचारलं नाही. चहाला उशीर होतो एवढं मात्र अधूनमधून नमूद केलं.

मग एक दिवस सरांची मेहुणी पडदे लावायला स्टुलावर चढली आणि स्टूल वगळून खाली आली. पायाचं हाड मोडलं. तिला उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा बाईंना जाणं भाग होतं, आणि तेही दोन-चार दिवसांपुरतं नव्हे. सरांनी उदार मनाने परवानगी दिली. ती कुणी मागितली नव्हती ही गोष्ट वेगळी.

निघायच्या वेळी टॅक्सी दारात उभी असताना बाई गुलाबापाशी वाकल्या.

“अहो, इकडे या. ही गाठ बघा.”

जमिनीच्या जरा वर खोडाला एक ओबडधोबड फुगवटा होता, वय झालेल्या बोटाच्या पेरासारखा.

“हिच्या खाली रानटी गुलाब आहे, आणि वर आपला. रानटीच्या खुंटावर आपल्याचा डोळा भरलाय, म्हणजे कलम केलंय. सगळा जीव या जोडात आहे. गाठ मातीवर राहू दे, पुरू नका. आणि गाठीच्या खालून काही फुटलं तर ते लगेच ओढून काढा. नुसतं कापलं तर परत येतं. ऐकताय ना?”

“शब्दन् शब्द,” सर म्हणाले.

त्या वेळी ते टॅक्सीवाल्याकडे बघत होते. त्याने गाडी उलट्या तोंडाने लावली होती आणि त्यामुळे वळवण्यात किती वेळ वाया जाणार आहे याचा ते मनात मुद्दा तयार करत होते. टॅक्सी गेली. मुद्दा अर्धवट राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी गुलाबाचा कार्यभार स्वीकारला. बाईंच्या सूचना त्यांनी आठवून पाहिल्या. गाठ आठवली, माती आठवली, आणि दोन्हींचा काहीतरी संबंध होता हेही आठवलं. जरा डोकं चालवल्यावर वाक्यही सापडलं: गाठीवर माती राहू दे. खालून काहीतरी फुटण्याबद्दलही ती बोलली होती. काय बोलली ते नेमकं आठवेना, पण खालून फुटणं ही चांगलीच गोष्ट असणार. संस्थेत गुणवत्ता नेहमी तळातून वर येते हे सर स्वतः व्याख्यानात सांगत असत, आणि स्वतःच्या व्याख्यानावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्यांनी कुंड्यांच्या मागून माती आणली, शेणखत आणलं, आणि गाठीवर असा ढीग रचला की त्याखाली मांजर निवांत झोपलं असतं. वर पाचोळ्याचं पांघरूण घातलं. रोज भरपूर पाणी. गाठ दिसेनाशी झाली तेव्हा सरांना काम फत्ते झाल्याचं समाधान मिळालं.

आणि काय सांगावं, यश आलं. ढिगातून एक कोंब निघाला. फिकट हिरवा, रसरशीत, सरळसोट. बघता बघता तो जुन्या फांद्यांच्या कमरेला आला, मग खांद्याला लागला. सरांनी त्याला काठीचा आधार दिला. पाठोपाठ शेजारून दुसरा निघाला. जुन्या फांद्या मात्र रुसून बसल्या. त्यांची पानं पिवळी पडू लागली आणि कळी म्हणाल तर एकच, तीही फुलू की नको या विचारात.

कार्यालयात असे जुने कर्मचारी सरांनी पुष्कळ पाहिले होते.

बाईंचा फोन येई. “गुलाब कसा आहे?”

“प्रगती समाधानकारक आहे.”

“खालून काही येत नाही ना?”

“आता सगळं वरच चाललंय,” सर म्हणत. फोटो त्यांनी मुद्दामच पाठवला नाही. बायको परत आली की तिला एकदम दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिला आनंद व्हावा अशी त्यांची खरंच इच्छा होती. ही इच्छा त्यांना वर्षानुवर्षं अधूनमधून होत असे आणि प्रत्येक वेळी घरातलं काहीतरी त्यात कामी येई.

शेजारच्या घरात दातांच्या डॉक्टरबाई राहत. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. एका सकाळी त्या कुंपणापाशी थांबल्या.

“सर, त्या नव्या फांदीची पानं वेगळी नाही का दिसत? बारीक आहेत. आणि काटेही जास्त आहेत.”

“छान निरीक्षण केलंत,” सर म्हणाले. “मुद्दा असा आहे की जुन्या फांदीच्या एका देठावर पाच पानं आहेत. नवीवर सात. तेवढ्याच देठात चाळीस टक्के जास्त उत्पादन. काटे म्हणजे स्वसंरक्षणाची सुधारित व्यवस्था.”

“असेल बाई,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून त्यांना स्वतःचं तोंड बंद ठेवायची सवय झाली होती.

जुन्या फांद्या फुकटचं खतपाणी खात आहेत हे सरांना आता बघवेना. शेवटी एका सकाळी त्यांनी कात्री घेतली आणि ढिगाच्या वर जेवढं म्हणून जुनं होतं तेवढं सगळं कापून टाकलं. हात जरा अडखळला, नाही असं नाही. ती एकटी कळी नेमकी त्याच सकाळी उमलायला लागली होती. पण कठोर निर्णय घेताना नेतृत्वाची कसोटी लागते, हेही ते व्याख्यानात सांगत.

“टाकताय का त्या फांद्या?” डॉक्टरबाईंनी कुंपणावरून विचारलं. “फूल आहे त्यांच्यावर. द्या, दवाखान्यात फुलदाणीत ठेवते. पेशंटना तेवढाच दिलासा.”

सरांनी त्या देऊन टाकल्या. मग नव्या फांदीच्या बढतीला साजेसं खत हवं म्हणून तिचा एक शेंडा खुडून घेतला आणि ते नर्सरीत गेले.

नर्सरीच्या मालकीणबाई पिशव्यांमध्ये माती भरत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

“तुम्ही मुद्देसर ना? तुमच्या प्रशिक्षणाला बसलेय मी. विषय होता वेळेची बचत. सकाळी सुरू झालं, दिवेलागणीला संपलं.”

“अरे वा,” सर म्हणाले. “मग उपयोग झाला का?”

“झाला तर. दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली.”

सरांनी हे प्रशंसा म्हणून घेतलं आणि शेंडा पुढे केला. “या जातीला कोणतं खत चालेल? वाढ विलक्षण आहे.”

मालकीणबाईंनी शेंडा हातात घेतला, उलटासुलटा केला. “असणारच. हा खुंट आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे रानटी. कलमाच्या खालचा. वरच्याला नुसता पाय देण्यासाठी असतो हा. त्याला मोकळं सोडलं की सगळा रस स्वतः पितो आणि वरच्याला उपाशी मारतो. वर्षातून एकदा पांढरी टिकलीएवढी फुलं येतील याला, बस. वास बेताचा. वरचं झाड कसं आहे?”

सर खताच्या पिशव्यांवरची नावं वाचू लागले.

“गाठ कुठे आहे?”

“मातीत.”

“मातीत कशी गेली?”

“मिसेसनी जाताना सांगितलं होतं, की गाठीवर…” सर म्हणाले आणि थांबले. ते वाक्य त्यांनी मनात बरेचदा म्हटलं होतं, पण मोठ्याने पहिल्यांदाच म्हणत होते. मोठ्याने ते बरोबर वाटेना. गाठीवर माती. गाठ मातीवर. शब्द तेच होते, फक्त एक ‘वर’ इकडचा तिकडे गेला होता. त्यांना बायको वाकलेली दिसली, तिचं बोट त्या पेरावर टेकलेलं दिसलं, आणि मग ती रोज सकाळी तिथे उभी असते ते दिसलं. ती तिथे वास घेते. चहाच्या आधी, कारण चहाच्या वेळी सर बोलायला सुरुवात करतात.

“वरचं मी आज सकाळी कापलं,” ते म्हणाले. “सगळं.”

मालकीणबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. “कापलेलं कुठे आहे?”

“दातांच्या दवाखान्यात.”

“दातांच्या?”

“फुलदाणीत.”

“पाण्यात आहे ना? मग अजून जिवंत आहे. पानांच्या बगलेत डोळे असतील, ते काढून खुंटावर भरता येतील. जा, घेऊन या, ओल्या फडक्यात गुंडाळा. मी सामान घेऊन येते. आणि सर, मी काम करताना तुम्ही बोलायचं नाही. एवढंच घेईन मी तुमच्याकडून.”

सर निघाले. आधी झपझप चालत, मग चक्क धावत. गल्लीने त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. धावणं म्हणजे नियोजनातली चूक, असं त्यांचं मत सर्वांना तोंडपाठ होतं, त्यामुळे दोन खिडक्या उघडल्या.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंट बसले होते. एकाचा गाल सुजला होता, एक बाई पदर तोंडाला लावून डोळे मिटून होती. मध्ये टेबलावर फुलदाणी, आणि फूल आता पुरतं उमललं होतं. सगळी खोली त्या वासाने भरली होती. सरांनी फुलदाणीला हात घातला.

“ओ काका,” सुजलेल्या गालाचा माणूस जमेल तितक्या तोंडाने म्हणाला, “राहू द्या ना. तेवढ्याने जरा बरं वाटतंय.”

सरांच्या अंगात मुद्दा आला होता. त्यांनी तो गिळला. “माझ्या बायकोचं झाड आहे,” ते म्हणाले. “मी चुकून मारलं.”

पदरवाल्या बाईने डोळे उघडले. आतलं मशीन बंद झालं आणि डॉक्टरबाई हातमोज्यांसकट दारात आल्या. सरांनी त्यांना सांगितलं, अगदी थोडक्यात, आणि हे थोडक्यात सांगणं त्यांना जमलं याचं डॉक्टरबाईंना झाडापेक्षा जास्त नवल वाटलं.

“म्हणजे मूळ एकाचं आणि वरची कॅप दुसऱ्याची,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही कॅप काढून फेकलीत. न्या, न्या लवकर. फूल तेवढं खुडून ठेवा पेशंटना, डोळे काही त्याच्यात नाहीत.”

मालकीणबाईंनी आधी ढीग उपसला. गाठ निघाली ती काळी पडलेली, ओलीगच्च, आणि नखाने दाबली तर आत रुतत होती. “ही गेली,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरांच्या लाडक्या कोंबाकडे पाहिलं, त्याची साल बोटाने चाचपली. “खुंट मात्र झकास वाढवलात. रस भरलाय नुसता. खुंटासाठी खुंट वाढवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.”

त्यांनी त्या कोंबाच्या पायथ्याशी, मातीच्या वर, सालीला एक आडवी आणि एक उभी चीर दिली. साल दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखी उघडली. मग फुलदाणीतल्या काडीवरून नखाएवढा तुकडा अलगद उतरवला, मधोमध एक बारीक फुगीर ठिपका, त्याच्याखाली पानाचं तुटकं देठ. तो सालीच्या आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकला, फक्त ठिपका बाहेर. असे तीन डोळे भरले, दोन या कोंबावर आणि एक शेजारच्यावर. सर शेजारी उकिडवे बसून बघत होते. एकदा त्यांच्या तोंडून “मुद्दा” एवढं निघालं, तेव्हा मालकीणबाईंनी चाकू नुसता हवेत धरला.

“आता हात लावायचा नाही,” त्या उठताना म्हणाल्या. “मुळाला पाणी द्या, जोडावर नको. कडक उन्हात सावली करा. ते देठ आपोआप गळून पडलं तर डोळा लागला. सुकून चिकटून राहिलं तर मेला.”

“तोवर मी काय करू?”

“काही नाही.”

हे काम सरांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. जोडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची छत्री जमिनीत रोवली. कुत्रं आलं तर हाकललं, फाटक जोरात लावणाऱ्या पोस्टमनला हलकेच लावायला सांगितलं, आणि झाडाचा डोळा लागेना तोवर सरांचाही लागेना. दिवसभर खुर्ची टाकून ते ठिपक्याकडे बघत. ठिपका काही करत नसे. प्रगतीचा अहवाल द्यावा असं तिथे खरोखर काहीच घडत नव्हतं.

त्यातच बाईंचा फोन आला.

“दवाखान्यातून फांद्या पळवल्यात म्हणे.”

म्हणजे डॉक्टरबाईंचं तोंड उघडलं होतं. सरांनी सगळं सांगितलं. ढिगाचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं, चाळीस टक्क्यांचंही सांगितलं, कारण ते त्यांना आता फार टोचत होतं. लाइन तुटली की काय असं वाटून ते दोनदा हॅलो म्हणाले.

“तुटली नाही,” बाई म्हणाल्या. “ऐकतेय. जोडावर पाणी नका घालू. आणि कुणाला काही समजावून सांगू नका. झाडालासुद्धा.”

मेहुणी काठी घेऊन चालू लागली तशा बाई परत आल्या. सर फाटकात उभे होते. त्यांनी बॅग घ्यायला हात पुढे केला, पण बाई बॅग खाली ठेवून सरळ छत्रीपाशी गेल्या आणि वाकल्या. पहिल्या देठाला त्यांनी करंगळी लावली. ते काळं, कडक, चिकटलेलं होतं. दुसरं तसंच. शेजारच्या कोंबावरच्या तिसऱ्याला त्यांनी नुसतं टेकल्यासारखं केलं आणि ते टपकन गळून पडलं. खाली ठिपका हिरवा होता, टुमटुमीत.

“लागला,” त्या म्हणाल्या. सरांशी बोलल्या की ठिपक्याशी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण पुढचे काही दिवस त्या सरांशी बोलल्याच नाहीत. जेवायला वाढत, विचारलं तर हो-नाही म्हणत. सरांना वाटायचं की इतकी वर्षं ही अशीच गप्प होती. आता त्यांच्या लक्षात आलं की नाही, ते गप्प असणं वेगळं होतं. त्या गप्प असण्यात कुणीतरी ऐकत असे.

शेवटी एका संध्याकाळी तेच म्हणाले, “मला वाटलं तू गाठीवर माती म्हणालीस.”

“आणि ‘पुरू नका’ म्हणाले त्याचं काय वाटलं?”

“ते ऐकलंच नाही.”

“काय करत होतात?”

“टॅक्सी उलटी लावली होती.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागच्या जागी आणला. “त्याला सरळ लावायला सांगितलंत का तरी?”

“तो निघून गेला. तूही.”

मग त्या उठल्या, आतून छाटणीची कात्री आणली आणि त्यांच्या हातात दिली. “डोळा फुटायचा असेल तर त्याच्या वरचा खुंट कापायला हवा. आणि तो थोरला कोंब तर मुळापासूनच काढायचा. चला.”

थोरला कोंब एव्हाना सरांच्या डोक्याच्या वर गेला होता. सात-सात पानं, तजेलदार, कुठे कीड नाही, डाग नाही. असा कर्मचारी त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. त्यांनी माती उकरली, कोंब जिथून निघाला होता तिथे घट्ट धरला आणि ओढला. तो सहजासहजी येईना. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा मुळाची पापुद्र्यासारखी साल घेऊन निघाला, आणि काट्यांची सुधारित व्यवस्था सरांच्या तळहातात राहिली. धाकटा कोंब त्यांनी हिरव्या ठिपक्याच्या जरा वर कापला. उरलं ते वीतभर लाकूड, प्लास्टिकची पट्टी आणि एक ठिपका.

“एवढंच?” सर म्हणाले.

“आधीही एवढंच होतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपल्याकडे ओढून काटे काढायला बसल्या. काढता काढता त्या बोलू लागल्या. हे झाड त्यांनी कुठून आणलं, पहिल्या वर्षी ते कसं जवळजवळ गेलंच होतं, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी करून घरी आलं की फाटकातच त्याचा वास कसा भेटायचा, आणि पट्टी पुढे कधी सोडायची, कशी सोडायची. बरंच बोलल्या. सरांनी बहुतेक सगळं ऐकलं. मध्ये एक गाडी गल्लीत उलटी शिरली, तेव्हा त्यांची मान जरा वळली, पण बाईंनी काटा थोडा खोल दाबला आणि ती जागेवर आली.

ठिपक्यातून पुढे तांबूस कोंब फुटला. पाच-पाच पानांचा, आणि वाढायला अतिशय सावकाश.